ताईच्या जिभेवरची गाठ आणि स्लाईड बघणाऱ्या बाई

यंदा शाळा उघडल्या त्याच आठवड्यात दादरच्या आमच्या डेंटिस्टला ताईच्या जिभेच्या कडेला एक गाठ दिसली. गेली होती दात साफ करायला... मटारच्या दाण्याएवढी गाठ, दुखत नाही, खुपत नाही. तिला वाटत होतं, कधीतरी जीभ चावली असेल.

ताई म्हणजे माझी मोठी बहीण. काळाचौकीला राहते, पालिकेच्या शाळेत पहिलीला शिकवते. तंबाखू सोडा, साधी सुपारीसुद्धा तिने कधी तोंडात टाकलेली नाही.

डेंटिस्टने सर्जनकडे पाठवलं. त्यांनी छोटासा तुकडा काढून तपासायला दिला. आठ दिवसांनी रिपोर्ट आला... कॅन्सरची दाट शंका. जिभेचा काही भाग काढावा लागेल, बोलण्यावर परिणाम होईल, असं सर्जननी शांतपणे सांगितलं.

घरी पोचल्यावर ताई म्हणाली, "माझ्या पोरांना 'ळ' कोण शिकवणार गं?" मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

ऑपरेशनआधी स्लाईड आणखी एका ठिकाणी दाखवून घ्या, हे सर्जननीच सुचवलं होतं. परळच्या एका लॅबमध्ये मी ती काचेची पट्टी देऊन आले. दुसऱ्याच दिवशी तिथल्या पॅथॉलॉजिस्ट बाईंचा फोन. "पेशंटला घेऊन येता का? मला गाठ बघायचीय."

स्लाईड बघणारे डॉक्टर पेशंटला बोलावतात, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते...

बाई साठीच्या पुढच्या. कॉटनची साडी, वर पांढरा कोट. हातमोजे घालून त्यांनी गाठ दोन बोटांत धरून बराच वेळ चाचपली.

मग म्हणाल्या, "खोटा धीर देणार नाही. पण हा तुकडा फार वरवरचा आहे. एक दुर्मिळ गाठ असते, साधीच, पण तिच्यावरचं आवरण असं काही वाढतं की कॅन्सरच वाटावा. मला खोलातला तुकडा हवाय. तोवर मोठं ऑपरेशन नको."

आमच्यासमोरच त्यांनी सर्जनना फोन लावला. सर्जनही लगेच हो म्हणाले, जराही आढेवेढे नाहीत.

पुन्हा सुई, पुन्हा टाके, पुन्हा वाट बघणं. रजा घे म्हटलं तर ताई ऐकेना. "जेवढं बोलता येतंय तेवढं बोलून घेते," म्हणायची आणि टाके पडलेल्या जिभेने शाळेत जायची. त्या दिवसांत तिच्याकडे बघवत नव्हतं... आणि तिचं कौतुकही वाटत होतं.

रिपोर्ट आला. ग्रॅन्युलर सेल ट्यूमर. कॅन्सर नाही! छोट्याशा ऑपरेशनमध्ये गाठ पूर्ण निघाली, आता फक्त अधूनमधून दाखवायला जायचं.

परवा आम्ही दोघी बाईंना भेटायला गेलो. मी पहिल्या रिपोर्टबद्दल जरा चिडूनच बोलायला लागले, तर त्यांनी मला थांबवलं. "त्यांच्या हातात तेवढाच तुकडा होता. तेवढ्यावरून मलाही खात्रीने काही सांगता आलं नाही. मी फक्त अजून मागितला."

मग ताईला म्हणाल्या, "बघायचीय तुमची गाठ?"

ताईने मायक्रोस्कोपला डोळे लावले. गुलाबी, आत बारीक रवा भरल्यासारख्या पेशी... बराच वेळ बघत राहिली. मग मान वर करून म्हणाली, "हीच होय ती? हिच्यापायी मी महिनाभर धड जेवले नाही!" बाई इतक्या खळखळून हसल्या की शेजारच्या खोलीतून लोक डोकावले.

आजार बरा झाला की आपण ऑपरेशन करणाऱ्यांचे आभार मानतो. आतल्या खोलीत बसून आपला एवढासा तुकडा निरखणाऱ्या माणसाचं नावही आपल्याला माहीत नसतं. या बाईंनी नुसती सही करून फाईल पुढे सरकवली असती, तर आम्हाला कधी कळलंही नसतं...

त्यांना फोटो काढलेला आवडत नाही, म्हणून फोटो नाही. हे मात्र लिहायचंच होतं. थँक्यू, मॅडम.