हाय खाऊन कोणी मरत नाही

वाचक मंडळात डॉक्टरीणबाईंना सगळे पोस्टमार्टेमबाई म्हणत, आणि बाईंना ते नाव पदवीपेक्षा प्यारं होतं. दवाखाना बंद झाला की बाहेरच्या बाकांवरच मंडळ भरे. कादंबरीत कोणी मेलं की लेखकाची धडगत नसे. प्रेमभंगाने नदीकाठी कोसळलेला नायक? "तिसऱ्या प्रकरणात बघा, ताप आहे, गुडघे सुजलेत. हृदयाची झडप लहानपणीच गेली होती त्याची. त्या पोरीचा काडीचा दोष नाही." सासूच्या शापाने तडफडून मेलेली सून? "अपेंडिक्स फुटलं. सासू खाष्ट होती, पण खुनी नव्हती."

बाईंचा खरा दावा होता तो एका शब्दाशी. जुन्या पुस्तकांत बायका ऊठसूट हाय खाऊन मरत. "हाय हा काय खायचा पदार्थ आहे?" त्या कडाडत. "निदान जमलं नाही की लेखक हाय खायला घालतो!"

त्या दिवशी मंडळापुढे अशीच एक जुनी कादंबरी होती. नवरा गलबतासकट बुडाला, बायकोने अंथरूण धरलं आणि शेवटच्या पानावर ती हाय खाऊन गेली. ग्रंथपालांचे डोळे पाणावले होते. बाईंनी मात्र पुस्तक उघडून ओळींवर बोट ठेवायला सुरुवात केली.

"ऐका. भर उन्हाळ्यात दोन-दोन पांघरुणं घेते. आवाज घोगरा, चेहरा सुजट. बोलायला लागली की तिचं वाक्य संपेपर्यंत समोरच्याची एक डुलकी होते. आणि हे बघा, भुवयांची टोकं विरळ झालीत. तुम्हाला वाटलं, लेखक काव्य करतोय. अहो, त्याने अशी बाई डोळ्यांनी पाहिली होती! पाहिलं अचूक, निदान केलं भिकार. गळ्यातली थायरॉइडची ग्रंथी संपावर गेली होती तिची. आज असती तर रोज एक गोळी, की बाई टुणटुणीत."

मंडळ हसलं. चहाचा ट्रे घेऊन दारात आलेली बाईंची धाकटी बहीण तेवढी हसली नाही. नवरा गेल्यापासून ती ताईकडेच राहत होती. पंखा लागला की शाल ओढायची, विचारल्याशिवाय बोलायची नाही. तिने ट्रे खाली ठेवला आणि स्वतःच्या भुवईच्या टोकावरून बोट फिरवलं.

"ताई," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "मग मला काय झालंय?"

बाईंनी पुस्तक मिटलं. शेजारणी चौकशी करत तेव्हा त्या स्वतःच सांगत आल्या होत्या, "हाय खाल्लीय हो तिने, जाईल हळूहळू." कागदावरच्या बाईची नाडी त्यांनी बरोब्बर पकडली होती, आणि रोज शेजारी जेवायला बसणाऱ्या बहिणीचा गळा एकदा चाचपला नव्हता. मंडळासमोर त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पण हातपाय गाळून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. बहिणीला हाताला धरून त्यांनी आत नेलं. घोट गिळायला लावून गळ्यावर बोटं ठेवली, टाचेमागे हातोडी मारून पाऊल किती आळसाने परत येतं ते पाहिलं, रक्त काढून लॅबला धाडलं. रिपोर्ट आला तेव्हा नुसतं "हं" केलं आणि पहिली गोळी स्वतःच्या हाताने भरवली.

उन्हाळा सरला तशी शाल कपाटात गेली. आवाज निवळला, धाकटी भराभर जिना चढू लागली, ताईच्या बेचव भाज्यांना नावंही ठेवू लागली. बाई मान ताठ करून मंडळात वावरत, आणि का वावरू नये?

मग एका सकाळी धाकटी नवऱ्याचा चष्मा हातात धरून दवाखान्यात आली आणि धाय मोकलून रडू लागली. तो गेला त्या दिवशीही ती अशी रडली नव्हती. बाई घाबरल्या, सवयीने मनगट धरलं. नाडी उत्तम होती.

"मी बरी आहे गं," ती हुंदके देत म्हणाली. "पण ते गेले ना, ताई. इतके दिवस रडायचीसुद्धा ताकद नव्हती मला."

बाईंनी मनगट सोडलं, दवाखान्याचं दार आतून लावलं आणि बहिणीला पोटाशी धरलं. बाहेर पहिला रोगी दोनदा मोठ्याने खोकला. त्याला थांबावं लागलं.