शेवटच्या वावरातलं पाणी

पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले एक काका मोताळ्याच्या सरकारी दवाखान्यात रोज सकाळी येतात. आजार काही नसतो, ते फक्त पाहणी करतात. मी तिथे औषधाच्या खिडकीत बसतो, म्हणून पहिला ताप मला.

सगळी नोकरी कालव्यावर गेल्याने त्यांची नजर अजून गळतीवरच असते. रिकाम्या खोलीतला पंखा ते बंद करतात. खोकल्याचं औषध मागणाऱ्याला आधी खोकून दाखवायला लावतात.

"काऊन एवढा जीव काढता, काका?" मी एकदा विचारलं.

"माही पेन्शन त्याच तिजोरीतून येते ना बे. वरच्या वावरवाल्यानं पानी उडवलं, तं शेवटच्या वावरात काय येईन?"

गेल्या आठवड्यात त्यांनाच चक्कर आली. डॉक्टरांनी बीपीच्या महिनाभराच्या गोळ्या लिहून दिल्या. बसले होते त्या बाकावरचा पंखा बंद करून काका खिडकीशी आले.

"चारच दे. सरकारवर कायले बोजा?"

काकांच्या मागे उभ्या असलेल्या सिस्टर वैतागल्या. "घेऊच नका, काका. तुम्ही गेले म्हणजे सरकारची पेन्शनबी वाचते."

एवढी मोठी गळती इतकी वर्षं काकांच्या नजरेतून सुटली होती. मग त्यांनी पिशवीचं तोंड उघडून ती खिडकीतून आत सरकवली.

"दोन महिन्यांच्या दे," ते म्हणाले. "अन् सिस्टर, तो पंखा लावा जरा."