बोंडल्याची कल्हई

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते बोंडल्याला कल्हई लावण्याचं. तान्ह्याला दूध पाजायचं चोचीचं पितळी भांडं, मीच घडवलेलं. नाशकात आमचा तांबटाचा धंदा; भाता बायको ओढायची. त्या दिवशी पोट आड येत होतं तरी भाता सोडेना.

"अगं, ऊठ आता."

"तुम्ही एकट्यानं करा नि कथील जाळा," म्हणाली.

चोच आतून कोरीच राहिली. दिवस कलला होता. "राहू द्या, दवाखान्यातून आल्यावर करू."

दवाखान्यात जायचं होतं ते मूल अडलंय म्हणून. चाळिशी उलटल्यावर तिची पाळी थांबली नि पोट वाढायला लागलं. आधी आम्हाला मूल नव्हतं. सुईण म्हणाली, दिवस गेलेत. आळीनं डोहाळजेवण केलं, हिरवी साडी नेसवली. नववा महिना सरला, कळा येईनात. शेजारणी म्हणायच्या, "हत्तीण झालीस काय गं?" तीही हसायची. मग धाप लागायला लागली.

डॉक्टरीणबाईंनी लाकडी नळी पोटाला लावून बराच वेळ ऐकलं. मग बोटांनी ठोकून पाहिलं, आम्ही भांडं ठोकून बघतो तसं.

"मूल नाही. गर्भाशयाला गाठ आहे. कसली, ते कापल्याशिवाय सांगता यायचं नाही."

ही त्यांच्याकडे बघत राहिली. "मग चिंचा कोण मागत होतं, बाई?"

बाईंनी नळी पुसून ठेवली. 

गाठ काढली, पण रक्त थांबलं नाही. संध्याकाळी ती गेली. तीच हिरवी साडी नेसवून तिला गोदेवर नेलं. बायका म्हणाल्या, अहेव गेली, कपाळाच्या कुंकवानिशी, भाग्याची. म्हणोत.

अशी गाठ बाईंनी कधी पाहिली नव्हती. त्यांनी तुकडा मुंबईला धाडला. पुढं उत्तर आलं, गाठ साधी होती, क्वचित कुणाला होते, जीव घेणारी नव्हे. ते ऐकून मी काय करायचं, हे मला आजवर कुणी सांगितलं नाही.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भट्टी पेटवली. शेजारी दारात येऊन म्हणाला, "अरे, सुतक आहे."

"ठाऊक आहे."

एका हातानं भाता ओढला, दुसऱ्या हातानं बोंडलं जाळावर धरलं. चोचीत कथील सोडलं, ते जळून काळं पडलं. खरवडून काढलं नि पुन्हा सोडलं.