तीन वर्षं झाल्यावर या

इंग्लंडमधल्या रीडिंग गावी येण्याआधी बरीच वर्षं मी नगरच्या एका शाळेत गणित शिकवत होते. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत सहज जायचा. इथे तोच आवाज मुलीच्या शाळेच्या गेटपाशी बसायचा. तिच्या टीचर काही विचारायच्या, मला सगळं कळायचं, पण मी मनात वाक्य जुळवेपर्यंत मुलगी माझ्या वतीनं उत्तर देऊन मोकळी व्हायची. तेव्हा ती जेमतेम पाच वर्षांची होती. नवरा म्हणायचा, "किती गोड आहे गं." मला त्यात काडीचंही गोड वाटत नव्हतं. लेकीनं आईसाठी बोलावं इतकी काही मी म्हातारी झाले नव्हते.

गावातल्या कॉलेजात नव्यानं आलेल्यांसाठी इंग्रजी बोलण्याचा फुकट वर्ग आहे असं कळलं, तशी मी लगबगीनं गेले. डेस्कवरच्या बाईंनी माझा व्हिसा पाहिला. नवऱ्याचा नोकरीचा व्हिसा, आणि मी त्याच्यावर अवलंबून. बाईंनी फार हळुवारपणे सांगितलं, की या वर्गाला सरकारचा पैसा असतो, तुमचं राहणं तात्पुरतं आहे, तेव्हा इथे तीन वर्षं राहून झाल्यावर या. म्हणजे वर्ग नव्या माणसासाठी, पण माणूस फार नवा असून चालत नाही. ज्यानं हे ठरवलं त्याला एकदा आमच्या शाळेच्या गेटपाशी उभं करायला हवं होतं.

माझा चेहरा पडला असणार. बाई म्हणाल्या, "पण चहाला कधीही या हं, किटली चालूच असते."

आमच्याकडे कुणी चहाला बोलावलं की जायचं असतं, आणि हात हलवत तर मुळीच जायचं नसतं. पुढच्या मंगळवारी मी चकल्यांचा डबा घेऊन हजर. बाई गोंधळून बघतच राहिल्या. ते नुसतं बोलायचं म्हणून बोलणं होतं हे मला फार उशिरा कळलं. नवऱ्याला लगेच कळलं असतं, तो पुण्याचा. मी पडले नगरची.

पण बाईंनी खरंच किटली लावली. शेजारी चाललेल्या त्याच इंग्रजीच्या वर्गाच्या मॅडम सुट्टीत चहाला बाहेर आल्या, चकली तोंडात टाकली आणि कशी केली म्हणून विचारू लागल्या. मी सांगायला लागले. तांदूळ भाजायचे, डाळी भाजायच्या, वेगवेगळ्या भाजायच्या. अडले तिथे हातवारे केले. या देशात मी सलग बोललेली पहिली इंग्रजी वाक्यं भाजणीवरची होती. माझ्या मदतीला तिथे कुणी नव्हतं, आणि त्याचाच मला केवढा आनंद झाला.

मग दर मंगळवारी जायला लागले. वर्ग आत, मी बाहेर डेस्कपाशी. काचेच्या दारातून सगळ्यांच्या पाठी दिसायच्या. आतले एकसुरात काही म्हणायचे, ते मी ओठातल्या ओठात म्हणायची. चहाच्या सुट्टीत मी त्यांच्यातलीच एक असायची. सुट्टी संपली की ते आत जायचे आणि दार लागायचं. त्या क्षणी दर वेळी वाईट वाटायचं, त्याची सवय काही झाली नाही.

पुढे एकदा गेटपाशी टीचरनी सहलीच्या डब्याबद्दल विचारलं. मुलीनं तोंड उघडलं, तेवढ्यात तिच्या डोक्यावर हात ठेवून मीच सांगितलं, की हिला अंडं चालत नाही आणि ही सँडविच खात नाही, पोळी-भाजी देईन. घरी येईपर्यंत मुलगी फुगून बसली होती. मी मात्र त्या दिवशी शिरा केला.

तीन वर्षं झाली. नाव घालायला गेले तेव्हा डेस्कवरच्या बाईंना माझ्याहून जास्त आनंद झाला होता. कोणत्या पातळीवर बसवायचं हे ठरवायला मॅडमनी मला समोर बसवून बोलतं केलं. मी काय काय बोलले. शाळेबद्दल, नगरबद्दल, नवऱ्याच्या पुणेरीपणाबद्दल. मॅडम पोट धरून हसल्या. मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि कौतुकानं म्हणाल्या, "आमच्या सगळ्यात वरच्या वर्गाच्याही तुम्ही पुढे गेलात. आता तुम्हाला इथे जागाच नाही."

बाईंनी येऊन मला मिठी मारली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. आधी त्यांना वाटलं आनंदाचं आहे, मग तसं नाही हे मॅडमच्या लक्षात आलं. त्या खुर्ची ओढून जवळ आल्या आणि काय झालं म्हणून विचारू लागल्या. इतका वेळ घडाघडा बोलणाऱ्या मला इंग्रजीतला एक शब्द सुचेना.

"मला एकदा तरी आत बसायचं होतं हो," मी मराठीतच म्हणाले.