पाहुणे जाईपर्यंतचा ताप

इंदुमतीबाईंच्या रागाला नोएडातल्या त्या शाळेत शिपायांपासून बसड्रायव्हरपर्यंत सगळे वचकून असायचे. माहेर वाईचं. लग्न होऊन दिल्लीत आल्या, मयूर विहारच्या एका सोसायटीत संसार थाटला आणि तेव्हापासून नोएडाला जाऊन चिल्ल्यापिल्ल्यांना गणित शिकवतायत. नवरा नरसिंह, सरकारी कचेरीतला शांत माणूस, म्हणायचा, "इंदू, तुझा राग अगदी नाकाच्या शेंड्यावर." त्यावर बाईंचं उत्तर तयार असे, "अहो, निदान दिसतो तरी. तुमच्यासारखा फायलीत बांधून ठेवत नाही मी."

पण एका गोष्टीवर बाई कधी म्हणजे कधी चिडल्या नाहीत. पोरांचं गणित चुकलं तर.

तिसरीच्या वर्गात मागच्या भिंतीवर त्यांनी एक जुना फळा लावून घेतला होता. चुकांचा फळा. रोज एका मुलाने आपलं चुकलेलं गणित तिथे आपण होऊन लिहायचं. कुणी हसायचं नाही, कुणी पुसायचं नाही. लिहिणाऱ्याने काय विचार केला असेल, ते बाकीच्यांनी शोधून काढायचं. बस, एवढंच. त्यासाठी बाई ना कुठल्या ट्रेनिंगला गेल्या, ना कुणाची परवानगी घेतली.

वर्गात नगमा नावाची मुलगी होती. बाप शाळेजवळच्या एका सोसायटीच्या गेटपाशी हातगाडीवर कपड्यांना इस्त्री करायचा. गरिबांच्या मुलांसाठी राखून ठेवाव्या लागणाऱ्या जागांपैकी एका जागेवर ती आली होती, आणि पहिले कित्येक दिवस तोंडातून अवाक्षर काढत नव्हती. मग एक दिवस उठली, फळ्यावर बेचाळीस वजा सतरा लिहिलं आणि उत्तर लिहिलं पस्तीस. विचारलं तर म्हणाली, "दो में से सात नहीं जाता, तो मैंने सात में से दो निकाल लिया." आणि काय सांगायचं, वर्गातल्या निम्म्या पोरांनी हात वर केले. मैम, मी पण असंच करतो. कुठे अडतंय ते बाईंना कितीतरी वर्षांनी कळलं, तेही या पोरीच्या एका चुकीमुळे. त्या दिवसापासून नगमाचा हात खाली राहीना.

अशात शाळेला नवे प्रिन्सिपल आले, अंशुमन सर. दर वाक्याला एकदा लीडरशिप आणि दोनदा इनोव्हेशन. त्यांनी फळा पाहिला आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. आठवड्याभरात त्याचं नाव मिस्टेक लॅब झालं, वर रंगीत पाटी लागली आणि एका शैक्षणिक पुरस्कारासाठी शाळेचा अर्जही गेला. आयत्या बिळावर नागोबा तो हा असा. बाईंनी ते गिळलं. बारसं करायचं तर करू दे मेल्याला, लेकरू तर आपल्याच वर्गात आहे, असं त्यांनी नरसिंहला सांगितलं.

परीक्षक यायच्या आदल्या दिवशी सरांनी बाईंना बोलावलं. काही मुलांच्या घरी निरोप पाठवा, म्हणाले, उद्या त्यांना सुट्टी आहे. कोणती मुलं? तर जी "थोडी कमजोर" आहेत ती. पाहुण्यांसमोर उगाच गोंधळ नको. फळ्यावर चुका कुणी लिहायच्या तेही ठरलं होतं. हुशार पोरांना एकेक सुबक चूक पाठ करायला दिली होती. नगमाचं बेचाळीस वजा सतरा पूर्वी नावाच्या मुलीच्या वाट्याला आलं होतं, जिचं आयुष्यात एक गणित चुकलेलं नव्हतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चुकांचा फळा दाखवायचा आणि चुकणारी पोरं घरी बसवायची? लग्नाचा मांडव घालून नवऱ्यामुलालाच कोंडून ठेवण्यातली ही तऱ्हा. शुद्ध हिंदीत त्यांनी सरांना सुनावलं की असला निरोप त्या पाठवणार नाहीत, आणि ती पोरं आली नाहीत तर फळ्यापाशी त्याही उभ्या राहणार नाहीत. सर हसले, म्हणाले, "ओके मैम, रिलॅक्स." बाईंना वाटलं, जिंकलो.

कसलं जिंकलो! सकाळी वर्गात नेमके तेवढेच बाक रिकामे. निरोप ऑफिसातून परस्पर गेले होते. पाठोपाठ सर पाहुण्यांना घेऊन दारात हजर. पूर्वी उठून फळ्याकडे निघाली, आणि जाता जाता बाईंच्या कानाशी म्हणाली, "मैम, नगमा आई है. उसे मेडिकल रूम में बिठाया है."

बाई पाहुण्यांना तसंच उभं सोडून तरातरा निघाल्या. मेडिकल रूममध्ये नगमा पलंगाच्या कडेला बसली होती, दप्तर मांडीवर, पाय लोंबकळत. सुट्टीचा निरोप बापाला मिळाला होता, पण बापाच्या हातगाडीपाशी उभं राहून तिने शाळेची बस भरून निघताना पाहिली आणि हट्टाने आली. बाईंनी कपाळाला हात लावून पाहिला. थंडगार.

"बुखार है क्या?"

"नर्स दीदी बोलीं, मेहमान जाने तक है."

आता मात्र बाईंना पुढचं मागचं काही दिसेना. पोरीचं मनगट धरून त्यांनी तिला वर्गात आणलं, सरांच्या डोळ्यांदेखत फळ्यापाशी उभं केलं आणि हातात खडू दिला. दाखव यांना, तुझं गणित दाखव. सरांचा चेहरा पांढरा पडलेला बघून बाईंना बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

पूर्वीने लिहिलेलं बेचाळीस वजा सतरा, उत्तर पस्तीस, फळ्यावर तसंच होतं. नगमाने त्याखाली तेच गणित लिहिलं. सरांकडे पाहिलं. सुटाबुटातल्या पाहुण्यांकडे पाहिलं. मग हळूच उत्तर लिहिलं, पंचवीस. बरोबर.

"और तुम्हारी गलती, बेटा?" एका पाहुणीने विचारलं.

"मेरी गलती नहीं होती," नगमा म्हणाली. "वो पूर्वी की है."

टाळ्या झाल्या. बक्षीसही मिळालं, मिळायचंच होतं. सरांचा ढालीसह फोटो गेटवर लागला.

आणि फळा कोरा पडला. दुसऱ्या दिवशी कुणी उठेना, तिसऱ्या दिवशीही नाही. पूर्वीसुद्धा वही मिटून बसली. बाई बाकांमधून फिरत होत्या तेव्हा नगमाने वहीवर कोपर आडवं टाकलं. कोपराखालून कागद दिसत होता, खोडरबराने घासून घासून भोक पडलेला.

बाई तिच्याशेजारी टेकल्या. पोरगी दबक्या आवाजात म्हणाली, "मैम, अगली बार मेहमान आएँगे तो मैं खुद ही नहीं आऊँगी. आपको डाँट नहीं पड़ेगी."

बाई तडक प्रिन्सिपलच्या खोलीत गेल्या. दार वाजवलं नाही. "खाली चला," म्हणाल्या, "आणि त्या पोरांसमोर कबूल करा की चूक तुमची होती." सरांनी पाणी मागवलं, तुम्ही फार इमोशनल होता म्हणाले, पुढच्या महिन्यात कार्यशाळा आहे त्यात यावर बोलू म्हणाले. बाई तिथे नको नको ते बोलल्या, अर्धं हिंदीत, अर्धं वाईच्या भाषेत. आले नाहीत सर. येणारा माणूसच नव्हता तो.

त्या संध्याकाळी बाईंनी जेवताना सरांचा उद्धार सुरू केला तो संपेना. नरसिंह जेवता जेवता ऐकत होता. शेवटी म्हणाला, "सगळं खरं गं. पण त्या पोरीला तिथे उभं करताना तू तिला विचारलं होतंस का?" बाई त्याच्यावरही चिडल्या आणि ताट सारून उठल्या. रात्रभर कूस बदलत राहिल्या.

सकाळी वर्ग भरला. बाईंनी खडू घेतला आणि मागच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, "मैंने नगमा को मेहमानों के सामने खड़ा किया." मग पोरांकडे वळल्या आणि नेहमीसारखं विचारलं, सांगा, मैमने असं का केलं असेल? काय विचार केला असेल?

एक म्हणाला, मैमना बक्षीस हवं होतं. दुसरा म्हणाला, मैम विसरल्या. बाईंनी दोन्ही वेळा मान हलवून नाही म्हटलं. त्यांची कानशिलं तापली होती, आणि या वेळी राग कुणावर काढायचा ते त्यांना कळत नव्हतं.

मग शेवटच्या बाकावरून एक हात वर आला. अर्धाच, कोपरात दुमडलेला.

"आपको गुस्सा सर पे था," नगमा म्हणाली. "और खड़ा मुझे कर दिया."

बाईंनी ते शब्द जसेच्या तसे फळ्यावर लिहिले.