आबांचा तंगूस का तुटायचा

तंगूस म्हणजे मासे धरायची नायलॉनची दोरी. हे आधीच सांगून टाकते, कारण स्टाफरूममध्ये ही गोष्ट सांगायला लागले की कोणीतरी हमखास मध्येच विचारतं आणि माझा सूर जातो. मी चोपड्याला अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवते. शिकवते कसली, ओरडते. ते असो.

माझे वडील, म्हणजे आबा, तापीकाठी केळी पिकवायचे आणि रविवारी सकाळी गळ टाकायचे. काठी नाही, चाक नाही, काही थाटमाट नाही. लाकडी ठोकळ्याला गुंडाळलेला तंगूस, टोकाला गळ, त्याच्या वर शिशाचा गोळा. डोक्यावर गरगर फिरवून लांब फेकायचा आणि दोरी उजव्या तर्जनीवर घेऊन बसायचं. पाण्याखाली काय चाललंय ते सगळं त्या एका बोटाला कळायचं. "शिंगाडा शे," असं आबा पुटपुटायचे आणि खरंच शिंगाडा मासाच निघायचा. मी सातवीत असल्यापासून त्यांच्याबरोबर जायचे. लग्न होऊन चोपड्यात राहायला आले तरी रविवारी स्कूटी काढून गावाला जायचे. नवऱ्याला पोहे करता येतात ते माझ्या या रविवारांमुळेच.

आई माळकरी. मासा राहू द्या, रिकामा गळसुद्धा तिला उंबऱ्याच्या आत चालायचा नाही. त्यामुळे आबा मासे शेतातच तीन दगडांच्या चुलीवर भाजायचे, आम्ही दोघं खायचो, चूळ भरायचो आणि घरी येऊन साळसूद तोंडाने वरण-भाताला बसायचो. आईला सगळं कळायचं. ती फक्त माझ्या ताटात लिंबाची फोड जास्त वाढायची. गळाचं सामान म्हणूनच शेतातल्या मोटारीच्या खोलीत, खिळ्याला टांगलेलं असायचं.

मग तंगूस तुटायला लागला. आधी एकदा तुटला तेव्हा आम्ही दोघंही खूश झालो, केवढा मोठा असेल म्हणून. पण पुढे ते नेहमीचंच झालं. मासा लागायचा, आबा दोरी आवळायचे, की काडकन तुटायची. गाठीत नाही, दगडावर घासून नाही, मधेच कुठेतरी. दुकानदार हलका माल देतो म्हणून आबांनी शिरपूरहून जाड तंगूस आणवला. तो दोन-तीन रविवार टिकला आणि पुन्हा तेच. काठावर जाळी सुकवत बसणाऱ्या नानांनी पाण्यात बुडालेल्या बाभळीवर ठपका ठेवला. आणखी कोणी म्हणालं, डोहात मगर आलीय. आईचं मत आम्ही विचारलंच नाही.

एका रविवारी खूप मोठा मासा लागला. बहुतेक कटला जातीचा असावा. पाठ एकदा वर आली, ती मी पाहिली. नाना हातातलं जाळं बाजूला ठेवून उठून उभे राहिले. आबा उकिडवे बसून हळूहळू दोरी ओढत होते, मी मागे उभी. आणि तुटली. त्या वेळी मी जे बोलले ते आजही मला नीट गिळता येत नाही. वर्गातल्या सवयीने, चूक दाखवायच्या सुरात मी म्हणाले, "आबा, तुम्ही हल्ली फार झटका देता."

आबांनी उरलेली दोरी ठोकळ्याला गुंडाळली. उजवा हात उलटासुलटा करून पाहिला आणि म्हणाले, "मना हात गया वं माय."

माझा हात गेला, म्हणाले. त्यानंतर ते नदीवर आले नाहीत. मी आग्रह केला, लाडीगोडी लावली, एकदा तर भांडलेही. तू जाऊन ये, एवढंच म्हणायचे. रविवारी सकाळी आंघोळ करून, टोपी घालून ओट्यावर बसायचे आणि नदीकडे पाठ करायचे. हळूहळू केळीचा घड कापायलाही माणूस लावला. चहाची कपबशी दोन्ही हातांनी धरायला लागले. बँकेत सही करताना मला म्हणाले, जरा धर गं हात. मी धरला. वय झालं, असंच मलाही वाटलं. दीड वर्षाने थंडीत एका पहाटे ते झोपेतच गेले.

वर्षश्राद्धानंतर मोटार बदलायची म्हणून मी ती खोली आवरायला घेतली. आबांचा ठोकळा दिसला. तो घरी न्यावा, आपल्याकडे ठेवावा, असं मनात आलं आणि सहज दोरी बोटाभोवती घेऊन ओढली. वाळलेल्या शेवईसारखी तुटली. दुसरीकडे ओढली, तिथेही तुटली. मग मी वर पाहिलं. खिळा गंजून सुतासारखा बारीक झालेला, दाराची कडी गंजलेली, आणि खिळ्याच्या बरोबर खाली, फळीवर, ॲसिडचा कॅन.

आमच्या विहिरीचं पाणी खारट. ठिबकच्या नळ्या चोंदतात, म्हणून केळीवाले सगळेच त्यांतून ॲसिड सोडतात. तो कॅन पूर्वी घरामागच्या पडवीत असायचा. माझी मुलगी रांगायला लागली तेव्हा मीच आकांडतांडव करून तो शेतात हलवायला लावला. फळीवरची जागासुद्धा मीच दाखवली. तंगूस तुटायला लागला तो त्यानंतरच. खोलीला खिडकी नाही, कॅनचं झाकण कधी घट्ट बसत नाही. ॲसिडची वाफ नायलॉनला खाते, हे मला माहीत नव्हतं का? लोखंडी कपाटात ॲसिड ठेवू नका म्हणून मी लॅबमध्ये दरवर्षी घसा फोडते. पण आबांच्या हातापुढे मला माझी केमिस्ट्री आठवली नाही.

तरी खात्री हवी होती. नवा तंगूस घेतला, अर्धा त्या खोलीत टांगला, अर्धा कॉलेजच्या कपाटात ठेवला. महिन्याने दोन्हींना पाण्याची बादली लटकवून पाहिली. कपाटातल्याने बादली आरामात पेलली. खोलीतल्याने तांब्याभर पाण्यातच जीव सोडला. मी लॅबमध्ये स्टुलावर बसून रडले. शिपाईदादांना वाटलं, डोळ्यांत काहीतरी उडालं. ते पाणी घेऊन धावत आले.

तेव्हापासून मी सांगत सुटले. नानांना सांगितलं, दुकानदाराला सांगितलं, घड कापणाऱ्या माणसाला, बँकेतल्या बाईंना, ज्यांच्यासमोर मी हात धरला होता. आबांचा हात शेवटपर्यंत चांगला होता, दोरी सडली होती, आणि ती मी सडवली. लोक म्हणायचे, जाऊ द्या मॅडम, तुम्हाला काय ठाऊक. मला ते नको होतं. हो, हात चांगलाच होता त्यांचा, असं कोणीतरी म्हणावं एवढंच हवं होतं. नाना म्हणाले. म्हणाले, मी जाळ्यावर जगलो पण तसं बोट मला नव्हतं.

आईला सगळ्यांत शेवटी सांगितलं. ती भाजी निवडत होती, मी पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं, बादलीसकट. ती मेथीची पानं खुडतच राहिली. मग म्हणाली, "तू बठ्ठास्ले सांगी उनी. त्यास्ले कोन सांगी?"

सगळ्यांना सांगून आलीस, त्यांना कोण सांगेल? मी तिच्यासमोरची अर्धी जुडी ओढून घेतली आणि खुडायला लागले. आबांना एकदा, फक्त एकदा भेटायचंय मला. बाकी काही बोलायचं नाही. तुमचा हात गेला नव्हता, एवढंच सांगायचंय.