बटणावरचा धागा

कारखानदारांना सुरक्षेचे नियम समजावून सांगणं हा माझा धंदा. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या छोट्या शेडमध्ये मी फाईल घेऊन हिंडते. मालक मंडळी चहा लई प्रेमानं पाजतात. नियम मात्र, त्यांच्या मते, शेजारच्या शेडसाठी असतात. मी मुळात तापट, त्यामुळं दुसऱ्या चहापर्यंत माझा आवाज चढतो आणि मालक बिस्किटांची बशी पुढं सरकवतात.

अशाच एका शेडमध्ये पाच पॉवर प्रेस होत्या. पत्रा साच्यावर ठेवायचा, दोन्ही हातांनी दोन बटणं दाबायची, की वरून दट्ट्या धाडकन खाली येतो. बटणं दोन कशासाठी, तर दोन्ही हात बाहेर राहावेत म्हणून. शेवटच्या प्रेसवर पडेगावहून येणारी एक बाई होती. ती डाव्या हातानं बटण दाबत होती आणि उजव्यानं पत्रा सरकवत होती, कारण उजवं बटण लाल-पिवळ्या धाग्यानं करकचून आवळून कायमचं दाबून ठेवलेलं होतं. म्हणजे दर खेपेला तिची बोटं दट्ट्याखाली जाऊन येत होती. मी आधी मेन स्विच बंद केला, तोंड नंतर उघडलं.

मालक धावत आले. मी धागा दाखवला, तर त्यांनी त्याला नमस्कार केला.

"मॅडम, खंडेनवमीच्या मशीनपूजेचा धागा हाय. माझ्या आईनं बांधलेला. तो तोडता येत नाय."

आता घ्या. कायद्याची कलमं मला तोंडपाठ, पण देवापुढं कलम कसलं वाचता? म्हटलं, ठीक आहे, मग आईंनाच बोलवा. मालकांना वाटलं, मी थट्टा करतेय. मी खुर्ची ओढून त्या प्रेससमोर ठाण मांडलं. शेवटी त्यांनी गाडी पाठवली.

आई आल्या. चष्मा लावून त्यांनी धागा नीट पाहिला, मग त्या बाईकडं पाहिलं.

"मी मशीनच्या माथ्याला बांधते. हिच्या बटणाला कशाला बांधीन?"

वर पाहिलं तर खरंच, माथ्यावर त्यांचा धागा तेलानं काळा होऊन लटकत होता. मग हा दुसरा कुणाचा? शेवटी ती बाईच मान खाली घालून म्हणाली, तिनंच बांधलाय. आधी चिकटपट्टी लावायची, ती सुपरवायझर काढून टाकायचा. पूजेच्या धाग्याला मात्र कुणी हात लावत नाही. मला राग आला आणि हसूही आलं. पण का बाई, विचारलं, तर म्हणाली, दोन्ही बटणं दाबत बसलं की टार्गेट होत नाय, आणि टार्गेट झाल्याबिगर घरी जाता येत नाय.

टार्गेट मालकांचं. मी त्यांच्याकडं वळले आणि सांगितलं, धागा हिचा असेल, गाठ तुमची आहे. ते भडकले, मीही भडकले. आमचं वाजत होतं तोवर आई नखांनी ती गाठ सोडवत बसल्या. सुटल्यावर धागा लेकाच्या हातात देऊन शांतपणे म्हणाल्या, टार्गेट कमी कर. माझी जाडजूड फाईल उघडायची वेळच आली नाही. टार्गेट कमी झालं, आणि बटणांना अशी झाकणं बसली की काही बांधायची सोयच उरली नाही.

पुढच्या खंडेनवमीला मला बोलावणं आलं. मी गेले. हळदीकुंकू घेऊन तीच बाई पुढं आली आणि हळूच सांगायला लागली. मध्ये एकदा पत्र्याचा तुकडा साच्यात अडकला. काढायला उजवा हात आत गेला, आणि जुन्या सवयीनं डाव्यानं बटण दाबलं.

"प्रेस हललीच नाय, मॅडम."

एवढं बोलून तिनं माझ्या कपाळाला कुंकू लावलं, उजव्या हाताच्या बोटानं. ते बोट कपाळाला टेकलं आणि मला, भर शेडमध्ये, सगळ्या मालक-कामगारांसमोर, रडू आलं.